अंगठ्याची ड्यूटी

जयाने अस्तराच्या कापडाला कात्रीने टोक दिलं, टर्रकन फाडलं आणि घडी न घालताच मोबाइल उचलला. समोर एक बाई साडी उलगडून मॅचिंग फॉलसाठी ताटकळत होती. तिला थांबू दे. आज ड्यूटी जयाची होती आणि ऊन दुकानाच्या पायरीवर आलं होतं.

‘दहावी ब परिवार’ या ग्रुपवर निकेशने सकाळीच वांग्यांचा फोटो टाकला होता. काटेरी देठांची, जांभळ्या रेघांची ताजी वांगी, खाली आजचा भाव, आणि त्याखाली ‘सर्व मित्र-मैत्रिणींचा दिवस सुखाचा जावो’. जयाने फोटोवर अंगठा उमटवला, मोबाइल पालथा ठेवला आणि मग फॉलचा डबा उघडला.

“पिस्ता पाहिजे का पोपटी?”

बाईने पोपटी म्हटलं. ड्यूटी झाली.

वर्धेतल्या एका शाळेत एकत्र दहावी झालेल्या या वर्गाचा ग्रुप आधी एकच होता आणि त्यात सगळे होते. दिपाली होती, जिच्या नवऱ्याचं मेन रोडला टाइल्सचं मोठं दुकान. नीलेश होता, धान्याचा अडत्या. प्रेरणा, सपना, किसना होते. आणि जवळच्या आंजी गावात भाजीपाला पिकवणारा निकेश होता. निकेशचा दोष एवढाच की त्याला ग्रुप खरा वाटायचा. कोणी विनोद टाकला की तो खाली विचारायचा, हे कोणत्या गावचं. कोणी ‘मूड ऑफ’ असं लिहिलं की संध्याकाळी त्याचा फोन यायचा, काय झालं म्हणून. दिपालीने थायलंडचे फोटो टाकले, समुद्र, काळा चष्मा, हॉटेलातला तलाव, तेव्हा बाकीचे ‘वॉव’ लिहीत असताना याने विचारलं, ‘तिकडं वांग्याले काय भाव हाये?’ त्यावर सगळे जे हसत सुटले त्यात दिपालीचा समुद्र पार आटून गेला. त्याच आठवड्यात तिने नवा ग्रुप काढला. नाव ठेवलं ‘फक्त आपण’. निकेश सोडून सगळे त्यात आले.

जुना ग्रुप सोडला असता तर त्याला कळलं असतं. आणि त्याला कळणं अडचणीचं होतं. तो बाजारात भेटायचा, लग्नांत भेटायचा, संक्रांतीला प्रत्येकाच्या दारात भाजीची पिशवी ठेवून जायचा. चांगल्या माणसाला तोंडावर ‘तू नको’ म्हणायला धाडस लागतं, ते या वर्गात कोणाकडेच नव्हतं. म्हणून जुना ग्रुप चालू ठेवायचं ठरलं. पण रोज त्याच्या वांग्यांना अंगठा देणार कोण? जो तो दुसऱ्यावर ढकलू लागला. मध्ये काही दिवस कोणीच दिला नाही तेव्हा ‘सगळे बरे आहेत ना?’ असा त्याचा निरोप आला, आणि आता हा घरी येऊन धडकणार म्हणून सगळ्यांचं धाबं दणाणलं.

तेव्हा जयाने सुचवलं होतं. हजेरीच्या नंबरानं ड्यूटी लावा, आज एकाची, उद्या दुसऱ्याची. वर्गात फळा पुसायची लावत होतो तशी.

‘जया, तू तर जीनियस निघाली,’ असं दिपालीने लिहिलं होतं आणि त्याखाली लोळून हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली होती. शाळेत जयाशी कोणी धड बोललं नव्हतं. ती मागच्या बाकावरची, तेल थापलेल्या दोन वेण्यांची पोरगी. लग्न होऊन बोरगाव मेघेला आली, नवऱ्याच्या मॅचिंग सेंटरमध्ये उभी राहिली, आणि इतक्या वर्षांत तिच्या कुठल्याही बोलण्यावर इतकी माणसं एकदम हसली नव्हती. तो निरोप तिने पुन्हा पुन्हा किती वाचला हे कोणाला कळतं तर ती लाजेने मेली असती. एका माणसाला बाहेर ठेवून तिला आत जागा मिळाली होती, आणि ती जागा तिला जिवापलीकडे प्यारी होती.

पोपटी फॉल घेऊन बाई गेली, तेवढ्यात जुन्या ग्रुपवर निकेशचा दुसरा निरोप आला.

‘रविवारी आंजीच्या नव्या घराची वास्तू हाये. कार्ड छापलं नाई, आपल्याच माणसाइले कार्ड कायचं द्याचं. जेवाले येजा सगळे.’ पुढे त्याने वर्गातल्या एकेकाचं नाव लिहिलं होतं, कोणाला वाईट वाटू नये म्हणून.

जयाने तो निरोप उचलून ‘फक्त आपण’वर टाकला आणि विचारलं, काय करायचं? हल्ली ‘फक्त आपण’वर फारसं कोणी बोलत नसे. ज्याला त्याला आपापली कामं, पोरांच्या परीक्षा, लग्नसराई, असं जयाने स्वतःला समजावलं होतं. ग्रुप असा पडून राहू नये म्हणून ती मात्र रोज काहीतरी टाकायची. दुकानात आलेल्या नव्या काठांचे फोटो, एखादी चार ओळींची कविता, घरच्या जास्वंदीचं फूल. आजच्या तिच्या प्रश्नाला बराच वेळ उत्तर आलं नाही. मग दिपालीने लिहिलं.

‘सगळ्याइनं जुन्या ग्रुपवर नक्की येतो लिहा. जाऊ नका कोणी.’

‘एक जण तरी गेला पाहिजे, नाई तर डाउट येईन त्याले,’ नीलेशने लिहिलं. ‘जया जाऊन येईन. तिच्याजवळ स्कूटी हाये.’

त्याखाली भराभर अंगठे पडले. जयाला वाटलं, सगळ्यांनी आपल्याला निवडलं.

“तूच काऊन?” संध्याकाळी प्रभाकररावांनी विचारलं. ते तिचे यजमान, मोजकं बोलणारे.

“मलेच म्हटलं सगळ्याइनं,” जया म्हणाली. तिचा आवाज थोडा चढलेला होता.

तिने सगळ्यांतर्फे भिंतीवरचं घड्याळ घेतलं आणि त्यावर ‘सप्रेम भेट, दहावी ब परिवार’ अशी पट्टी स्वतः चिकटवली.

रविवारी ती आंजीच्या रस्त्याला लागली तेव्हा दोन्ही बाजूंना तुरी पिवळ्या झाल्या होत्या आणि कापूस वेचणाऱ्या बाया शेताच्या धुऱ्यावर डबे सोडून बसल्या होत्या. पुढ्यात घड्याळाचा खोका होता. गाडी चालवता चालवता जयाने एक गोष्ट पक्की केली. निकेशला आज खरं सांगून टाकायचं. बिचारा वाट पाहत बसणार, घर सजवून, अन्न रांधून. इतकी नावं लिहिली त्याने. आपण काही दिपालीसारख्या दगड नाही. ‘वाईट वाटून घेऊ नको’ इथून सुरुवात करायची, की ‘तू माणूस चांगला हाये’ इथून, यावर ती बराच वेळ विचार करत होती. दुसऱ्यावर दया करायला निघालेल्या माणसाला रस्ता फार छान वाटतो. तिलाही वाटला. डोळ्यांत थोडं पाणीही आलं.

निकेशच्या घरापाशी तिला स्कूटी लावायला जागा मिळेना. अर्धी आंजी तिथे लोटली होती. मांडवात पंगत बसलेली, दुसरी पंगत हात धुऊन उभी, तिसरी कोण उठतं यावर डोळा ठेवून. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पोरं नाचत होती. आलू-वांग्याच्या भाजीचा वास रस्त्यापर्यंत येत होता आणि एक माणूस बुंदीची टोपली डोक्यावर घेऊन ‘सरका, सरका’ करत त्या गर्दीतून वाट काढत होता. जया खोका छातीशी धरून उभी राहिली. तिच्याकडे कोणी पाहिलं नाही. वर्गातलं कोणी आलं नाही म्हणून त्या मांडवात एका माणसाचीही उणीव दिसत नव्हती.

सुमित्राबाईंनी, निकेशच्या आईने, तिला हेरलं. नऊवारीचा पदर खोचलेल्या त्या उंच म्हातारीने तिच्या हातातला खोका घेतला आणि दंडाला धरून तिला आत नेलं.

“तू वर्धेची ना माय? निकेशच्या वर्गातली?”

“हाओ काकू. जया.”

“एकटीच आली? बरं झालं आली. उपाशी नको जाऊ.”

त्यांनी तिला नव्या घराच्या आतल्या खोलीत पाटावर बसवलं, कुंकू लावलं, खण-नारळाने ओटी भरली. मग स्वतः वाढायला बसल्या. पोळी संपायच्या आत दुसरी पडत होती.

“घे, वांगं घे अजून. बाजारचं नाई, घरचं हाये. निकेश सांगते तुमच्या ग्रुपचं. रोज सकाळी फोटो काढते अन् हासते एकटाच. म्या म्हटलं, चांगले लोक हायेत तुह्ये.”

जयाने हातातला घास ताटात ठेवला. तिने पाणी प्यायलं आणि मान डोलावली.

जेवण झाल्यावर निकेश आला. पांढरा झब्बा, कपाळाला अष्टगंध, हाताला वाढपाचा वास. शाळेत होता त्यापेक्षा अंगाने भरला होता. ‘घर पाह्यलं का?’ म्हणून तो तिला गच्चीवर घेऊन गेला. वरून त्याचं शेत दिसत होतं, वाफे, ठिबकच्या नळ्या, पलीकडे हिरव्या जाळीचं शेडनेट. जयाने सगळं चांगलं आहे असं म्हटलं. मग तिने पदर सावरला आणि ठरवलेलं वाक्य विसरून भलत्याच ठिकाणाहून सुरुवात केली.

“निकेश, बाकीचे कोणी येणार नाई.”

“मालूम हाये.”

“आजचंच नाई म्हणत मी. तो ग्रुप हाये ना आपला, तिथं कोणीच नाई. सगळे दुसरीकडं हायेत. तुह्या फोटोले रोज जे अंगठे येते ना…”

“ड्यूटी हाये,” निकेश म्हणाला.

तो कठड्याला टेकून उभा होता. खाली कोणीतरी त्याच्या नावाने हाक मारली, त्याने हाताने ‘आलो’ अशी खूण केली.

“कोणी सांगतलं तुले?” जयाने विचारलं.

“कोणी कायले सांगन? वर्गाचा मॉनिटर मी होतो. सर खुर्चीत पेपर वाचे अन् हजेरी मी घेओ. प्रेरणा, सपना, दिपाली, जया. मंग पोट्ट्याइत नीलेश, मी, किसना. अजूनबी झोपेत म्हणून दाखवतो. माह्या वांग्यावर अंगठे त्याच लायनीनं येऊ लागले. तुह्यानंतर नीलेश, नीलेशनंतर सीधा किसना. मधातला मी गायब. एवढंबी समजणार नाई का मले?”

ही लाइन कोणाच्या डोक्यातून निघाली ते त्याला ठाऊक असेल का, हा एकच विचार जयाच्या मनात आला. ते ठाऊक नसावं, असं त्याच्या चेहऱ्यावरून वाटत होतं. पण आता त्याच्या चेहऱ्यावर भरवसा ठेवण्यात अर्थ नव्हता.

“मंग बंद काऊन नाई केलं तू?” ती म्हणाली. “रोज टाकूनच राह्यला.”

निकेश हसला. आईने सांगितलेलं एकट्याचं हसणं ते हेच असावं.

“पयले राग आलता. लय आलता. जेवण जाये नाई. वाटे, एकेकाच्या घरी जाऊन विचाराव. मंग एक दिवस मुद्दाम अंधारातच फोटो टाकला, कोंबडं आरवाच्या आंधी. नीलेशची बारी होती. उजाडलं नाई तर त्याचा अंगठा हजर. म्हटलं, एवढा मोठा अडत्या, माह्या वांग्यासाठी अलार्म लावून झोपते. तवापासून मजा येते पाह्य. सणावाराले टाका, लग्नाच्या दिवशी टाका, येते म्हणजे येते. सपनाचे सासरे वारले, त्या दिवशीबी तिनं देल्ला. मी बंद केलं तर तुम्ही सारे सुटान.”

हे सांगताना त्याच्या आवाजात कुठेही कडवटपणा नव्हता, आणि जयाला सहन झालं नाही ते हेच. त्याने रडायला हवं होतं. निदान मान खाली घालायला हवी होती. ती आंजीपर्यंत दया घेऊन आली होती आणि ती ठेवायला इथे जागाच नव्हती.

“पण तू आली,” निकेश म्हणाला. “दुसरं कोणी आलं नसतं सांगाले.” मग त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. “तू परवा नव्हती रोडग्याले?”

“कोणत्या?”

“केळझरच्या रोडनं नीलेशचं वावर नाई का, तिथं. रोडग्याचं जेवण होतं तुमच्या ग्रुपचं. सारे आलते. आचाऱ्यानं वांगे माह्याकडूनच घेतले, मीच पोचवाले गेलतो. मले पाह्यलं तर गोंधळले जराशे. मंग बसवलं जेवाले. वावरात आलेल्या माणसाले काय म्हणतीन ते तरी? मीबी बसलो. गवऱ्यांवर मस्त भाजले होते रोडगे. मी म्हटलं, जया नाई दिसून राह्यली.”

खाली नवी पंगत बसत होती. पत्रावळी टाकल्याचा आवाज आला.

“मंग?” जया म्हणाली, आणि हे विचारायला नको होतं हे तिला लगेच कळलं.

“दिपाली म्हणे, तिले जमलं नाई.”

“हाओ. दुकानात गर्दी होती. फोन आलता मले तिचा.”

“असंन,” निकेश म्हणाला. “त्याइचा एक वेगळा ग्रुप हाये म्हणे आता, असं ठरवासाठी. तू असशीनच त्याच्यात.”

“हाये ना.”

हे तो काळजीने बोलला की इतक्या दिवसांचं काहीतरी परत करायला, हे जयाला उमगलं नाही. पण ‘असंन’ म्हणताना त्याच्या डोळ्यांत जे होतं ते तिने ओळखलं. येताना रस्ताभर तेच तिच्या डोळ्यांत होतं.

निघताना सुमित्राबाईंनी तिच्या स्कूटीला बुंदीची पिशवी अडकवली आणि ‘येत जाय माय’ म्हणाल्या. जया त्यांच्या पाया पडली. तिला तिथून लवकरात लवकर निघायचं होतं.

गाव मागे पडलं तशी तिने एका पुलापाशी स्कूटी थांबवली. आधी तिला राग आला तो निकेशचा. हा आपल्याला जळवतो आहे, याच्या पोटात दुखतं, असं तिने स्वतःला सांगितलं. मग मोबाइल काढला आणि ‘फक्त आपण’ उघडला.

वास्तूला कोण जाणार, एवढी एक चर्चा सोडली तर वरपर्यंत सगळं तिचंच होतं. तिचे काठ, तिच्या कविता, तिची जास्वंद. तिने बोटाने वर वर सरकवत नेलं. दुसऱ्या कोणाचं शेवटचं बोलणं सापडायला गणपतीच्या दिवसांपर्यंत जावं लागलं. तिच्या प्रत्येक फोटोखाली एक अंगठा होता. एकच. तो कोणाचा हे तिने आजवर कधी पाहिलं नव्हतं. आहे, एवढंच तिला पुरायचं. आता तिने एकेकावर बोट दाबून नाव पाहिलं. प्रेरणा. दुसऱ्या दिवशी सपना. त्यानंतर दिपाली. त्यानंतर जयाचा नंबर यायला हवा होता, तो नव्हता, थेट नीलेश होता. पुढे किसना. सगळा वर्ग संपला की पुन्हा प्रेरणा, सपना, दिपाली, नीलेश. कोणी एक दिवस चुकलं नव्हतं. तिने लावून दिलेली रीत इतकी चांगली चालली होती.

एक ट्रॅक्टर कापसाच्या गाठोड्यांवर बाया बसवून पुलावरून गेला. त्यातल्या एकीने हात हलवला. जयाने मान फिरवली. रडू येत होतं पण ते तिने येऊ दिलं नाही, कारण एकदा रडलं की गोष्ट खरी होते. परवा, ज्या दिवशी ते सगळे नीलेशच्या वावरात बसले होते, त्या दिवशी तिने काय टाकलं होतं तेही तिने शोधलं. ‘मैत्री’ अशा नावाची चार ओळींची कविता होती. त्याखाली सपनाचा अंगठा होता. रोडगे खाताना खरकटा हात बाजूला धरून डाव्या बोटाने दिला असेल, आणि बाजूच्याला दाखवला असेल.

बोरगावपर्यंत तिने फक्त एकच वाक्य मनात घोळवलं. दिपालीचा फोन येणारच, खबर घ्यायला. तो आला की एवढंच विचारायचं, रोडगे कसे झालते. पुढे काही बोलायचं नाही. दिपाली गप्प बसेल, ततपप करेल, आणि त्या गप्प बसण्यात सगळं येईल. मग दोन्ही ग्रुप सोडून द्यायचे. निकेशसारखं मोकळं व्हायचं. काय बिघडलं आहे निकेशचं?

ती घरी येऊन पाय धुते न धुते तोच फोन वाजला.

“गेलती ना गं?” दिपाली म्हणाली. “सांग ना, काय म्हणे तो? आमचं विचारलं का?”

जयाच्या जिभेवर ते वाक्य तयार होतं.

“बोल ना. किती आलते लोकं? कोणी होतं का नाई?”

त्या आवाजात एक उत्सुकता होती. जयाने ती चांगली ओळखली. कधीकाळी, अंगठ्याच्या ड्यूटीचं सुचवलं त्या दिवशी, तिच्या बोलण्याची अशीच वाट पाहिली गेली होती. त्यानंतर कोणी पाहिली नव्हती. आज पुन्हा दिपाली मोबाइल कानाला लावून तिच्या पुढच्या शब्दासाठी थांबली होती. थायलंडला जाऊन आलेली दिपाली.

“कोण राहन?” जया म्हणाली. “मांडव हा एवढा मोठा, अन् खुर्च्या साऱ्या रिकाम्या.”

“सच्ची?”

“तर काय. आचारी एकटाच बुंदीवरच्या माश्या हाकलून राह्यलता.”

दिपाली हसली. पोटातून हसली, खोकला येईपर्यंत. जयाच्या अंगावरून ते हसू गरम पाण्यासारखं गेलं.

“अन् तो? तो काय करून राह्यलता?”

“झब्बा घालून गेटात उभा. गाडीचा आवाज आला का धावे रोडवर. मले म्हणे, बाकीचे मागून येऊन राह्यले का?”

“अगं बाई. थांब, थांब. मले एकटीलेच नको सांगू. आमचा एक लहानसा ग्रुप हाये, त्याच्यावर सांग सगळ्याइले. तुले घ्याचं राहूनच गेलतं पाह्य गडबडीत. आत्ता घेते.”

दाराबाहेर स्कूटीला बुंदीची पिशवी तशीच लटकत होती.

“हाओ, घे,” ती म्हणाली.

फोन ठेवला तोच मोबाइल थरथरला. दिपालीने तिला ‘फक्त आपणच’ या ग्रुपमध्ये घेतलं होतं. आत सगळी नावं होती. आधीचं बोलणं दिसत नव्हतं, नव्याने आलेल्याला ते दिसत नाही. पाटी कोरी होती आणि तिच्यावर दिपालीने लिहिलं, ‘ऐका सगळे, जया आंजीहून आली. जया, ते खुर्च्याइचं सांग.’

‘वेलकम जया,’ सपनाने लिहिलं.

‘सांग सांग,’ नीलेशने लिहिलं.

“कशी झाली वास्तू?” आतून प्रभाकररावांनी विचारलं.

“चांगली झाली,” जया म्हणाली. “लय गर्दी होती.”

ती सोफ्यावर पाय वर घेऊन बसली, बोटाला लागलेलं कुंकू पदराला पुसलं आणि लिहायला लागली. खुर्च्यांचं लिहिलं, माश्यांचं लिहिलं, रोडवर धावणाऱ्या निकेशचं लिहिलं. हसून लोळणारे चेहरे एकाखाली एक येऊ लागले, प्रेरणाचे, किसनाचे, आज नंबर नसलेल्यांचेही, कोणत्याही क्रमाशिवाय, सगळे एकदम. ‘अजून सांग,’ दिपालीने लिहिलं. जयाने आठवून पाहिलं, आणखी काय होतं तिथे. मग तिने निकेशच्या आईबद्दल लिहायला घेतलं.